वाळवंटातला हिवाळा आणि हवामानाचा अंदाज

आपल्या घरी रोज फोडणी होते. तेल तापते. मोहरी तडतडते. मग चिमूटभर जिरे पडते आणि त्याचा वास ओसरीपर्यंत येतो. मोहरी एखाद वेळ आपल्या शेताच्या बांधावर होते. जिरे मात्र वाण्याच्या दुकानातून आणावे लागते. वाण्याकडे ते कुठून येते?

आपल्या देशातले बहुतेक सगळे जिरे दोन राज्यांत पिकते. एक गुजरात आणि दुसरे राजस्थान. राजस्थानात जोधपूर, बाडमेर, जालोर, जैसलमेर हे जिल्हे जिऱ्याचे. हा सगळा मुलूख थरच्या वाळवंटाचा आहे, नाहीतर त्याच्या कडेचा. वाळूच्या टेकड्या, मधे मधे खेजडीची झाडे, आणि पाऊस इतका कमी की जैसलमेरच्या बाजूला वर्षभरात वीस सेंटीमीटरसुद्धा धड होत नाही. जिथे विहिरीला किंवा कूपनलिकेला थोडे पाणी आहे, तिथे लोक दिवाळीच्या सुमाराला जिरे पेरतात. शिमग्याच्या आगेमागे ते निघते. म्हणजे सारे पीक थंडीत वाढते. थंडी चांगली तर पीक चांगले. थंडी बिघडली तर हातात काड्या.

जिरे मोठे नाजूक पीक आहे. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिले, की त्यावर करपा पडतो. हवा दमट झाली, की भुरी येते. पाने अशी दिसतात, जणू कोणी ताक शिंपडले आहे. ऐन फुलोऱ्यात कडाक्याची थंडी पडली, तर फूल जळून जाते. तिकडे बायकांचे एक गाणे आहे. त्यात बायको आपल्या नवऱ्याला विनवते, की अहो, जिरे पेरू नका! आता ज्या पिकाबद्दल असे गाणे होते, ते पीक घरादाराला किती घोर लावत असेल ते तुम्हीच पहा. पण भाव चांगला मिळतो, म्हणून माणूस पेरतो.

म्हणूनच या लोकांना दर वर्षी एक गोष्ट कळायला हवी असते. औंदा थंडी कशी असेल?

वाळवंटात थंडी कशी?

तुम्ही म्हणाल, वाळवंट म्हणजे उन्हाचा मुलूख. तिथे कसली आली थंडी?

तर ऐका. राजस्थानात चुरू नावाचे गाव आहे. २०१९ सालच्या जून महिन्यात तिथे पारा पन्नास अंशांच्या वर गेला होता. त्याच चुरूत २०२३ सालच्या जानेवारीत पारा शून्याच्या खाली उतरला. शून्य अंश म्हणजे पाण्याचे बर्फ होते ती थंडी. जनावरांच्या डोणीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची पापडी धरावी, अशी ती थंडी असते.

याचे कारण वाळूतच आहे. चुलीवर तवा ठेवा आणि शेजारच्या चुलीवर पाण्याचा हंडा ठेवा. तवा लगेच तापतो. उतरवला की लगेच निवतो. हंडा तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. समुद्राकाठचा मुलूख हंड्यासारखा आहे. म्हणून मुंबईला आणि कोकणपट्टीला कडाक्याची थंडी नसते. वाळवंट तव्यासारखे आहे. वाळूच्या कणाकणांत हवा भरलेली असते. त्यामुळे उन्हाची ऊब खोल जात नाही, वरच्या वर राहते. रात्र झाली की ती भराभर निघून जाते.

ही ऊब जाते कुठे? वर आकाशात. आकाशात ढग असले, किंवा हवेत ओलावा असला, तर ते गोधडीसारखे काम करतात. जमिनीची ऊब थोडीफार अडवून धरतात. म्हणून ढगाळ रात्री थंडी कमी वाजते, हे तुम्ही पाहिले असेल. वाळवंटात हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी असते. म्हणजे अंगावर गोधडीच नाही. त्यात हिवाळ्याची रात्र मोठी. सूर्य उगवेपर्यंत जमीन गार गार होत जाते. सर्वांत जास्त थंडी मध्यरात्री नसते. ती उजाडण्याच्या जरा आधी असते.

मावठ

हिवाळ्यात तिथे थोडा पाऊसही होतो. तिकडचे लोक त्याला मावठ म्हणतात. हा आपल्या पावसाळ्याचा पाऊस नव्हे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. मावठ येते पश्चिमेकडून, फार दुरून. युरोप आणि आफ्रिका यांच्या मधे भूमध्य समुद्र आहे. त्या बाजूला वादळी हवा उठते. ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात येते. रेडिओवर 'पश्चिमी झंझावात' किंवा 'पश्चिमी विक्षोभ' असे शब्द ऐकाल, तर ते याचेच नाव. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा झंझावात येतात. पण सगळेच काही पाऊस पाडत नाहीत. पुष्कळसे नुसते आभाळ दाखवून जातात.

या झंझावाताची एक रीत आहे. तो येण्याआधी ढग येतात आणि रात्री जरा उबदार होतात. तो गेला, की आकाश लख्ख होते आणि उत्तरेचा बोचरा वारा सुटतो. मग दोन-चार रात्री हाडे गोठवणारी थंडी. म्हणून तिकडचा जाणता शेतकरी ढगांना जितका भितो, तितकाच ढग गेल्यानंतरच्या स्वच्छ आकाशाला भितो.

मावठ मोठी अवघड पाहुणी आहे. ज्याने कोरडवाहू हरभरा आणि गहू पेरला, त्याला ती देवासारखी. एक चांगली सर म्हणजे एक पाण्याची पाळी फुकट. शेजारच्याच शेतात जिरे असेल, तर तीच सर त्याला रोग देऊन जाते. एकाच गावात एकाच दिवशी एका घरी आनंद आणि दुसऱ्या घरी काळजी!

हेच झंझावात पुढे हिमालयावर जाऊन बर्फ पाडतात. ते बर्फ उन्हाळ्यात वितळते आणि सतलज, बियास या नद्यांना पाणी येते. त्या नद्यांचे पाणी पंजाबातल्या हरिके धरणापासून कालव्याने थेट वाळवंटात आणले आहे. या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले. आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. गंगानगर, बिकानेर, जैसलमेर या भागांत त्याचे पाणी पोचते. तेव्हा हिमालयात हिवाळ्यात बर्फ किती पडले, याच्याशीही वाळवंटातल्या शेतकऱ्याचे नाते आहे. शेतातून बर्फाचा डोंगर दिसत नाही, पण पाटात पाणी येते ते तिथूनच.

तीन महिन्यांचे आधीच कसे सांगतात?

आपल्या देशात हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. १९२८ साली त्याची मोठी कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. म्हणून पुण्यात त्या चौकाला अजून सिमला ऑफिस चौक म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली, पण पुण्याची वेधशाळा आहेच. सबंध मोसमाच्या अंदाजाचे मोठे गणित आजही पुण्याला केले जाते. म्हणजे बाडमेरच्या जिऱ्याला थंडी किती लागेल, याचा हिशेब आपल्या पुण्यात होतो.

पण कोणी विचारील, "अहो, उद्याचं धड सांगता येत नाही, मग तीन महिन्यांचं कसं सांगता?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे, की दोन्ही अंदाज एका जातीचे नव्हेत. उद्याच्या अंदाजात ढग कुठे आहे, वारा किती आहे, हे पाहतात. मोसमाच्या अंदाजात समुद्र पाहतात. हवा आज एक आणि उद्या दुसरी. समुद्र मात्र जड आहे. तो एकदा तापला किंवा निवला, की महिनोन् महिने तसाच राहतो. पृथ्वीवर सर्वांत मोठा समुद्र म्हणजे प्रशांत महासागर. त्याच्या मधल्या पट्ट्यात पाणी नेहमीपेक्षा गार झाले, तर त्याला 'ला निना' म्हणतात. जास्त तापले तर 'एल निनो'. ही स्पॅनिश भाषेतली नावे आहेत. ला निना म्हणजे लहान मुलगी, एल निनो म्हणजे लहान मुलगा. ला निना असली, की आपल्या वायव्य भागात थंडी जास्त पडण्याकडे कल असतो. कल असतो म्हणतो, नेम नव्हे.

समुद्राची, जमिनीची, बर्फाची ही सगळी मोजमापे मोठ्या गणकयंत्रात घालतात आणि पुढच्या तीन महिन्यांचे गणित करतात. एकदाच करीत नाहीत. सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून पुन्हा पुन्हा करतात. मग पाहतात, की इतक्या गणितांपैकी किती गणिते थंडी जास्त म्हणतात आणि किती कमी म्हणतात. त्यावरून कौल ठरतो.

हा कौल नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबर उजाडताना जाहीर होतो. त्यात डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे तीन महिने असतात. आता तो वाचायचा कसा? इथे पुष्कळ लोक फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तीस शेंगदाणे घ्या. प्रत्येक शेंगदाणा म्हणजे मागचा एक हिवाळा. सर्वांत जास्त थंडीचे दहा एका ढिगात ठेवा. मधले दहा दुसऱ्या ढिगात. सर्वांत कमी थंडीचे दहा तिसऱ्या ढिगात. यंदाचा हिवाळा कोणत्या ढिगात जाईल? काहीच माहीत नसेल, तर तिन्ही ढिगांना सारखाच हक्क. म्हणजे शंभरात तेहतीस, तेहतीस, तेहतीस आणि वर थोडे. हवामान खाते काय करते, तर हे वाटे बदलून देते. समजा त्यांनी सांगितले, की पश्चिम राजस्थानात यंदा रात्री नेहमीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता शंभरात साठ आहे. याचा अर्थ असा, की असा कागद दहा वर्षी आला, तर सहा वर्षी हिवाळा उबदार निघेल. चार वर्षी तो निघणार नाही. ही चार वर्षे आली म्हणून खाते खोटे बोलले असे होत नाही. त्यांनी ती चार आधीच सांगून ठेवली होती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. सरासरी म्हणजे नव्वद रात्रींची बेरीज करून नव्वदांनी भागणे. आणि पीक काही सरासरीने मरत नाही. ते एका रात्रीत मरते.

२०२२-२३ चा हिवाळा पहा. तेव्हा प्रशांत महासागरात ला निना होती. ती २०२० पासून लागोपाठ तिसऱ्या हिवाळ्यात टिकून राहिली होती. जानेवारीच्या मध्यावर चुरूला पारा शून्याखाली गेला, हे वर सांगितलेच. त्यानंतर फेब्रुवारी आला, आणि देशभर दिवसा इतके ऊन तापले, की १९०१ पासून तसा तापलेला फेब्रुवारी नोंदलेला नाही. जानेवारीत पीक गोठायची भीती, आणि फेब्रुवारीत गव्हाचा दाणा उन्हाने बारीक राहायची भीती. दोन्ही एकाच हिवाळ्यात! त्याची सरासरी काढून शेतकऱ्याला काय कळणार?

म्हणून 'यंदा थंडी कमी' असा कागद आला, तरी एकही कडाक्याची रात्र येणार नाही, असे त्यात लिहिलेले नसते. आणि थंडी कमी म्हणजे चैन, असेही समजू नये. गव्हाला, जिऱ्याला, हरभऱ्याला थंडी हवीच असते. ती कमी पडली तर पीक लवकर पिकून जाते आणि दाणा भरत नाही.

या अंदाजात मला एक मोठी उणीव दिसते, तीही सांगतो. जिरे पेरतात नोव्हेंबरात, आणि तिन्ही महिन्यांचा कागद येतो डिसेंबरच्या तोंडावर. तोवर बी मातीत गेलेले असते. जिरे पेरावे की मोहरी पेरावी, हे ठरवायला तो कागद उशिरा येतो. समुद्र गार आहे की गरम, याची कुणकूण मात्र आधी ऑक्टोबरात लागते. शेतकऱ्याने ती कान देऊन ऐकावी. डिसेंबरच्या कागदाचा उपयोग पुढच्या तयारीला होतो. चारा किती ठेवायचा, कोकरांच्या वाड्याला आडोसा किती करायचा, रोगाचे औषध आधी आणून ठेवायचे की नाही, पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, हे त्यावरून ठरवता येते. सगळे जिरे एकाच रानात न पेरता थोडा हरभरा, थोडी मोहरी ठेवणारा शेतकरी मला जास्त शहाणा वाटतो. त्याचा एक पाय घसरला, तर दुसरा टेकलेला असतो.

पाला पडतो ती रात्र

आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची पाने. राजस्थानात पाला म्हणजे गोठलेले दव. 'आज पाला पडला' असे तिकडे कोणी म्हणाले, तर घरात चूलसुद्धा उशिरा पेटते. सकाळी शेत पांढरे दिसते, जणू पिठी साखर भुरभुरली आहे. पानातले पाणी गोठते, पानाच्या आतल्या पेशी फुटतात. ऊन वर आले की पान काळे पडते, भाजल्यासारखे.

इथे एक खुबी आहे, ती लक्षात ठेवा. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. ती पेटी जमिनीपासून सुमारे चार फूट उंच असते. जिरे तर त्याहून खूपच ठेंगणे असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीजवळची हवा पेटीतल्या हवेपेक्षा जास्त गार असते. रेडिओवर तीन अंश सांगितले, तरी पिकाच्या पानावर शून्य असू शकते. 'शून्य कुठे सांगितलं होतं?' म्हणून जो निजला, त्याचे शेत काळे झाले. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून खोलातल्या शेतावर पाला आधी पडतो, टेकाडावर नंतर.

मग करायचे काय? आभाळ स्वच्छ झाले, वारा पडला, आणि संध्याकाळीच गारठा जाणवू लागला, तर सावध व्हायचे. पिकाला संध्याकाळी हलके पाणी द्यायचे. ओल्या जमिनीत ऊब जास्त राहते. उत्तर-पश्चिम बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. तो धूर शेतावर पसरून गोधडीसारखा राहतो. बांधावर बाजरीच्या कडब्याचा आडोसा करायचा. पण जिऱ्याच्या बाबतीत पाणी जपून. जास्त दिले तर रोग, न दिले तर पाला. तिथे प्रत्येक शेतकऱ्याला आपली जमीन पाहून आपणच ठरवावे लागते. जोधपूरला १९५९ पासून कोरडवाहू मुलखाच्या शेतीचे एक मोठे सरकारी संशोधन केंद्र आहे. लोक त्याला काजरी म्हणतात. तिथली माणसे शेतकऱ्यांना यात सल्ला देतात.

ती रात्र कोणती, हे मात्र तीन महिन्यांच्या अंदाजातून कळत नाही. त्यासाठी जवळचे अंदाज आहेत. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा कल सांगते. शेतीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. थंडीची लाट येणार असेल, तर इशारा निघतो. इशाऱ्याला रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा. सपाट मुलखात पारा दहा अंशांपर्यंत किंवा त्याखाली आला, आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त उतरला, तर खाते त्याला थंडीची लाट म्हणते. पारा चार अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर मग नेहमीशी तुलना करीत बसत नाहीत, सरळ लाट म्हणतात.

हीच उत्तरेची थंड हवा राजस्थान आणि गुजरात ओलांडून कधी कधी आपल्याकडे उतरते. मग नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा घसरतो आणि द्राक्षवाले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांना राजस्थानातल्या थंडीची बातमी दोन दिवस आधी कळली, तर लाकूडफाटा गोळा करायला तेवढा वेळ मिळतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस जिरे पिवळे पडू लागते. बाडमेरची माणसे भल्या पहाटे, दव असतानाच, रोपे उपटायला घेतात. ऊन चढले की रोप वाळते आणि दाणा शेतातच गळतो. उपटलेल्या पेंढ्या खळ्यावर वाळवतात, बडवतात, उफणतात. मग पोती भरतात. त्यातली पुष्कळशी गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझा गावाच्या बाजारात जातात. जिऱ्याचा तो सर्वांत मोठा बाजार. खळ्यावर जिरे पसरलेले असते, त्या आठवड्यात कोणालाही पश्चिमेकडे ढग दिसलेला चालत नाही.